मंगळाचा कोरा रकाना

शनिवार पेठेत वधू-वर सूचक मंडळ चालवणाऱ्या एका बाईंशी माझं पहिलं भांडण झालं ते फीवरून. दुसरं झालं ते आमच्याकडे एकही स्थळ आलं नाही यावरून. तिसरं अजून संपलेलं नाही. त्याचं मूळ त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या एका ओळीत होतं, आणि ती ओळ शोधून काढणारा माणूस मीच निघालो.

माझा धंदा बुधवार पेठेतला. दुकानदारांची बिलं करणारी, माल शोधून देणारी सॉफ्टवेअरं मी सांभाळतो. बारावी झाल्यावर वऱ्हाडातून आलो तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात खोकी उतरवायचं काम होतं. कॉम्प्युटर अडला की मालक कंपनीच्या माणसाला बोलवायचा. मी त्या माणसाच्या पाठीमागे उभा राहून बघायचो. डेटाबेस म्हणजे काय, त्याला प्रश्न कसा विचारायचा, तो चुकीचं उत्तर का देतो, हे सगळं मी उभ्या उभ्या शिकलो. पुढे तोच माणूस येईनासा झाला, कारण मी त्याच्या निम्म्या भावात काम करायला लागलो. पुण्यात डिग्री असलेल्याला भाव विचारतात आणि नसलेल्याला भाव सांगतात. म्हणून मी भांडतो. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. त्यांना कधी सांगितलेल्या भावात काम करावं लागलेलं नाही.

धाकटी बहीण माझ्याहून बरीच लहान. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. मी तिला पुण्याला आणलं, शिकवलं. ती आता पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. सोसायट्यांच्या टाक्या, बोअर, हॉटेलं, कुठूनकुठून बाटल्या येतात, आणि त्यात काय आहे ते ही मुलगी सांगते. माझं लग्न गावाकडच्या ओळखीत दोन वाक्यांत ठरलं होतं. तिचं तसं ठरणार नव्हतं. तिला तिच्यासारखा शिकलेला, पुण्यातला मुलगा हवा होता, आणि आमची पुण्यातली ओळख म्हणजे माझी गिऱ्हाइकं. म्हणून मंडळ. ती तेव्हा तिशीला आली होती.

मंडळाच्या फॉर्मवर बरेच रकाने होते. उंची, शिक्षण, चष्मा आहे का. त्यात एक होता, 'पत्रिकेत मंगळ'. तो तिने कोरा सोडला. मी म्हटलं, 'नाही' लिहून टाक, कोण बघतंय. ती म्हणाली, "दादा, बाटली तपासली नसेल तर मी रिपोर्टवर 'जंतू नाहीत' असं लिहीत नाही."

तिची पत्रिकाच नव्हती. पत्रिकेवर तिचा विश्वास नव्हता हा एक भाग, आणि जन्मवेळ माहीत नव्हती हा दुसरा. ती घरी जन्मली. घड्याळ बघायला कोणाला सवड नव्हती. आई एवढंच सांगायची, "दिवा लावाच्या टायमाले झाली तू." तेवढ्यावर पत्रिका होत नाही. रकाना कोरा राहिला. खोटं लिहायचं नाही हे तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. खोटं लिहून फायदा किती होईल याचा अंदाज नसेल तर मीही लिहीत नाही.

तीन वर्षं फोन वाजला नाही. नकार आला असता तर निदान कोणाशी भांडता आलं असतं. नकारही नाही. मंडळात चौकशी केली की बाई म्हणायच्या, "स्थळं काय मी घरी करते का?" बहीण मला काही बोलायची नाही, पण तिचं काय चाललं होतं ते मला दिसत होतं. आधी तिने फोटो बदलला. मग बिनचष्म्याचा काढून आणला. मग माहितीतलं 'लग्नानंतरही नोकरी करणार' हे वाक्य 'नोकरीबाबत चर्चा करता येईल' असं झालं. मग ट्रेकिंगची आवड गेली आणि तिच्या जागी स्वयंपाकाची आली. दर दिवाळीला ती स्वतःमधलं काहीतरी थोडंसं घासून काढायची. मी बघायचो आणि बाईंवर चिडायचो.

मग एक दिवस बाईंचाच फोन आला. सॉफ्टवेअर बनवून देणारी मंडळी गाशा गुंडाळून गेली होती आणि शोध चुकतोय अशी ओरड होती. कोणा मुलीचे वडील ऑफिसात येऊन तावातावाने बोलून गेले होते. त्यांच्या मुलीला मंगळ नाही, तरी 'मंगळ नको' म्हणणाऱ्या कोणाच्याच यादीत ती येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पेठेतल्या कोणीतरी माझं नाव सांगितलं होतं. मी भाव सांगितला. बाईंनी तो पाडला. मी उठलो. त्या म्हणाल्या, "बसा. तुमच्या बहिणीचं इतकी वर्षं का हललं नाही हे माझ्याशी भांडत होतात ना? मशीन तुमच्या पुढ्यात ठेवतेय. तुम्हीच शोधा." मी बसलो. त्यांनी पाडलेल्या भावात बसलो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पहिला घोळ लगेच सापडला. मंगळाच्या रकान्यात लोकांना वाटेल ते लिहायची मुभा होती, आणि लोकांनी ती घेतली होती. 'आहे', 'नाही', 'सौम्य मंगळ', 'मंगळ आहे पण गुरुजी म्हणाले दोष नाही', 'कडक', 'विचारून सांगतो'. 'मंगळ नको' अशी खूण एखाद्या स्थळाने केली की सॉफ्टवेअर इतकंच बघायचं, की त्या रकान्यात 'मंगळ' हा शब्द कुठे येतो का. आला की ती मुलगी वगळायची. त्यामुळे ज्या वडिलांनी सरळपणे 'मंगळ नाही' असं लिहिलं होतं, त्यांची मुलगी बाहेर. 'जन्म मंगळवारचा' असं कौतुकाने लिहिलेली बाहेर. आणि जिच्यापुढे नुसतं 'कडक आहे' लिहिलं होतं, ती सगळ्यांच्या यादीत.

मी बाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे कडकवाल्या मी दाखवत होते."

"हो."

"त्यातल्या एकीच्या लग्नात मी जेवून आले. संसार छान चाललाय तिचा." मग डोळे उघडून म्हणाल्या, "हे बाहेर बोलू नका. पंचांगवाल्यांच्या पोटावर पाय येईल."

मी त्या रकान्यातला मोकळा मजकूर काढून तीन ठरावीक उत्तरं केली. आहे, नाही, सौम्य. जुन्या नोंदी स्वतः वाचून त्या तिनांत बसवल्या, कारण 'गुरुजी म्हणाले दोष नाही' याचा अर्थ कॉम्प्युटरला लावता येत नाही. त्याचा अर्थ बाईंनी लावला. त्यांना एकेका घराचा इतिहास पाठ होता. काम झालं. त्या ओरडणाऱ्या वडिलांची मुलगी यादीत दिसायला लागली.

मग मी बहिणीचा क्रमांक टाकून बघितला. तिच्या वयाला, शिक्षणाला साजेल अशा एका मुलाच्या अपेक्षा घेतल्या आणि शोध चालवला. ती आली नाही. उंचीची अट काढली. नाही आली. गावाची काढली. नाही. दुकानात एखादा माल कपाटात असून यादीत येत नसेल तर मी हेच करतो. एकेक अट काढत जायचं. ज्या अटीला हात लावल्यावर माल दिसतो, ती अट चोर. 'मंगळ नको' काढली आणि बहीण समोर आली. बिनचष्म्याचा फोटो, स्वयंपाकाची आवड.

तिच्या रकान्यात तर काहीच नव्हतं. 'मंगळ' शब्द नव्हता, 'आहे' नव्हतं, 'सौम्य' नव्हतं. मग ती का गळावी?

माझ्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी खोड आहे, आणि मी ती दुकानांच्या मालात शंभरदा दुरुस्त केली आहे. डेटाबेसमध्ये कोरा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे. कोरा म्हणजे 'माहीत नाही'. आपण विचारतो, हिला मंगळ नाही ना? तो म्हणतो, माहीत नाही. आणि ज्याचं उत्तर त्याला ठाम 'हो' असं देता येत नाही, ती नोंद तो बाजूला ठेवतो. चूक दाखवत नाही, सूचना देत नाही. गाळून टाकतो. आधीच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, ते होतंच, आणि माझ्या नव्या, स्वच्छ क्वेरीतही होतं.

'मंगळ नको' ही खूण किती घरांनी केली आहे ते पाहिलं. जवळजवळ सगळ्यांनी. गॅसच्या फॉर्मवर पत्ता लिहावा तशी लोक ती करून टाकतात. तिच्या वयाला जुळणाऱ्यांत खूण न केलेलं घर मला सापडलं नाही. म्हणजे तीन वर्षांत माझी बहीण कोणाच्याच पडद्यावर आली नव्हती.

घरी गेलो तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी आनंदात होतो, हे आता सांगायला लाज वाटत नाही. मी म्हटलं, तुला कोणी नाकारलंच नव्हतं, तू दिसतच नव्हतीस. कोरा रकाना, क्वेरी, सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिली.

"म्हणजे चष्म्याचं काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

"आणि नोकरीचं?"

"तेही नाही. कोणी वाचलंच नव्हतं."

ती बराच वेळ टॉवेलचे कोपरे जुळवत राहिली. मग आत जाऊन चष्मा असलेला जुना फोटो शोधून माझ्या फोनवर पाठवला, आणि म्हणाली, हा लाव.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो तो भांडायच्या तयारीनेच. दुरुस्ती एका ओळीची होती. मंगळ नसलेल्यांसोबत रकाना कोरा असलेल्याही दाखव, एवढंच त्या क्वेरीला सांगायचं. मी न विचारता केली असती तरी बाईंना कळलं नसतं. पण मला त्यांच्या तोंडून चूक कबूल करून घ्यायची होती. मी माझी बाजू मांडली. त्यांनी चष्मा पुसला.

"माझ्याकडे येणारा माणूस 'मंगळ नको' म्हणतो, तेव्हा 'माहीत नसेल तर चालेल' असं म्हणतो का?"

"तसं विचारलंय कुठे तुम्ही त्याला?"

"न विचारता कळतं. तुम्ही दूध घेताना नासकं नको म्हणता. दूधवाला म्हणाला, बघितलं नाही हो मी, तर घ्याल?"

"माझी बहीण नासकी आहे म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. ती काही म्हणत नाही, तिथे अडलंय." मग माझ्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कल करत म्हणाल्या, "उगा चिडून काय राहिले तुम्ही?"

त्या क्षणी मला त्यांचा टेबलफॅन खिडकीतून फेकावासा वाटला. पण मुद्दा मला खोडता येत नव्हता. इतकी वर्षं मी समजत होतो की कॉम्प्युटर लोकांच्या इच्छेच्या आड येतोय. बाई म्हणत होत्या की तो लोकांची इच्छाच पाळतोय, कोणी बोलून न दाखवलेलीसुद्धा.

मी घासाघीस सुरू केली. कोऱ्या नोंदी यादीत दाखवा. त्या म्हणाल्या, नाही. मग शेवटी दाखवा, 'पत्रिका दिलेली नाही' असं समोर लिहून. त्या म्हणाल्या, लोक ओरडतील. मी म्हटलं, थोडे दिवस दाखवा, ओरडले तर काढू. किती दिवस? मी दिवाळी म्हटलं. त्या दसरा म्हणाल्या. मी दिवाळीवरच अडून बसलो. शेवटी कोजागिरीवर जमलं. माझं उरलेलं काम मी फुकट करायचं असंही त्यात ठरलं.

मी ती ओळ लिहिली, आणि चष्म्याचा फोटो लावला.

मग फोन वाजायला लागला. खरंच वाजला. पहिल्या वेळी बहीण माझ्या शेजारी बसून ऐकत होती, हातात न उघडलेला बिस्किटाचा पुडा. पलीकडे मुलाच्या आई होत्या. बोलायला चांगल्या. शिक्षण विचारलं, प्रयोगशाळा कुठे आहे विचारलं, आमच्याकडचं पाणी एकदा तपासून द्या म्हणून हसल्या. मग पत्रिका विचारली. मी म्हटलं, आम्ही पत्रिका बघत नाही. त्या म्हणाल्या, अहो आम्हीही फारसं मानत नाही, नुसती नजरेखालून घालायची. मी म्हटलं, नाहीच आहे. "असं का," म्हणाल्या. "बरं. कळवतो."

सगळ्यांचं साधारण असंच व्हायचं. एका बाईंनी माझ्याशी वादही घातला. तुमचा विश्वास नाही ना, मग आमच्या समाधानासाठी पाठवायला तुमचं काय जातं? मी तापलो आणि बरंच बोललो. बहिणीने फोन माझ्या हातातून काढून घेऊन त्यांची माफी मागितली. 'कळवतो' म्हणणाऱ्यांपैकी कोणी कळवलं नाही. पूर्वी फोन वाजत नव्हता तो न वाजता गप्प होता. आता वाजून गप्प व्हायला लागला. बहीण पुढे पुढे शेजारी येऊन बसेनाशी झाली. मी बोलत असलो की ती स्वयंपाकघरात नळ सोडायची.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. मुलांमध्येही रकाना कोरा सोडलेले असतीलच. ज्यांनी स्वतःची पत्रिका दिली नाही त्यांचा विश्वास नसणार, आणि ज्यांचा विश्वास नाही त्यांना हिची कोरी नोंद खटकणार नाही. कोऱ्याला कोरा जुळवायचा. धंद्यात मी हेच करत आलो आहे. एका गिऱ्हाइकाला जे खपत नाही ते कोणाला तरी हवंच असतं, तो माणूस शोधायचा. मी क्वेरी लिहिली. बऱ्यापैकी यादी आली. चांगली शिकलेली मुलं, तिच्या वयाची.

मग त्या मुलांच्या अपेक्षा काढल्या.

त्यांनीही खूण केलेली होती. 'मंगळ नको.' एकामागून एक नोंद उघडत गेलो. स्वतःच्या पत्रिकेचा रकाना कोरा, आणि येणाऱ्या मुलीला मंगळ नको. मला वाटलं माझीच क्वेरी चुकली. मी ती दोनदा उलटसुलट तपासली. बरोबर होती.

तरी राहवेना. त्यातल्या एका घरी फोन लावला. मंडळातून बोलतोय म्हटलं. मुलाचे वडील निवृत्त झालेले, बोलण्यात स्वच्छ, अहो-जाहो करणारे. पत्रिका का दिली नाही विचारलं तर म्हणाले, "आमच्या घरात या थोतांडावर कोणाचा काडीचा विश्वास नाही. मुलाची पत्रिका आम्ही काढलेलीच नाही." मग 'मंगळ नको' ही खूण का, असं विचारलं. "आता असं बघा, आपला विश्वास नाही. पण उद्या काही बरंवाईट झालं तर आमच्या हिच्या मनात यायला नको. मुलीकडचं आधी कळलेलं बरं."

मला शिवी द्यायची होती. पण ते इतक्या सभ्यपणे बोलत होते की तोंडात आली नाही. मी आभार मानून फोन ठेवला.

अख्ख्या यादीत स्वतःचा रकाना कोरा आणि समोरच्याकडून अपेक्षाही कोरी असा एकच मुलगा निघाला. त्याच्या नोंदीवर 'स्थगित' असं होतं, म्हणूनच तो आधी माझ्या शोधात आला नव्हता. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याचं झालं. ऑफिसातल्या मुलीशी. असली मुलं माझ्याकडे टिकत नाहीत. त्यांना मी कशाला लागते?"

कोजागिरी आली. बाईंनी माझ्यासमोर तक्रारी वाचून दाखवल्या. 'अट घालूनही अनोळखी पत्रिकेची स्थळं येतात.' 'फी घेता ती कशाची?' एका गृहस्थांनी तर लिहिलं होतं की पूर्वीचं सॉफ्टवेअर जास्त विश्वासार्ह होतं. मी आवाज चढवला. पूर्वीच्या सॉफ्टवेअरमध्ये कडक मंगळ सगळ्यांच्या घरात शिरत होता, ते सांगा त्यांना, असं ओरडलो. बाईंनी मला ओरडू दिलं. मग आतून मसाला दुधाचा पेला आणून समोर ठेवला.

"ठरलं होतं," त्या म्हणाल्या.

ठरलं होतं खरं. करार मी करून घेतला होता, तारीख मी घासली होती. ती ओळ मी माझ्याच हाताने काढली. तपासायला म्हणून शोध चालवला. बहीण आली नाही. क्वेरी व्यवस्थित चालत होती.

घरी मी काही सांगितलं नाही, पण तिला कोजागिरीचं ठाऊक होतं. जेवायला बसलो. तिने वाढता वाढता, माझ्याकडे न बघता, म्हटलं, "दादा, लिहून टाक."

"काय?"

"नाही, असं."

मी भाकरी ताटात ठेवली. ज्या गोष्टीसाठी मी फॉर्म भरताना तिच्या मागे लागलो होतो, तीच ती देत होती, आणि मला ती नको होती. मी चिडलो. म्हटलं, मग तेव्हाच लिहायचं होतं, इतकी वर्षं कशाला घालवली? आणि तुझ्या त्या बाटल्या? न तपासलेलं पाणी? मी बरंच बोललो. ती मला वाढत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "पाणी कोणीतरी पिणार असतं, दादा. इथे कोण पितंय?"

दुसऱ्या दिवशी मंडळात जाऊन मी तिच्या रकान्यात 'नाही' भरलं. एक नोंद बदलली, असं कॉम्प्युटरने सांगितलं. शोध चालवला. ती आली, अगदी वरती, चष्म्यासकट.

बाईंचा फोन चार दिवसांत आला. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्याने मला जास्त त्रास झाला. म्हणाल्या, एक चांगलं घर विचारतंय. मुलगा शिकलेला आहे, आई-वडील समंजस आहेत. "'नाही' लिहिलंय म्हणजे पत्रिका असेलच, ती पाठवा म्हणताहेत."

मंडळापासून काही घरं पुढे एक ज्योतिषी बसतात. त्यांच्याकडेही लॅपटॉप होता. मी जन्मतारीख सांगितली, गाव सांगितलं. वेळ? म्हटलं, दिवेलागण. त्यांनी आकडे टाकले, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंगळ आहे. सप्तमात येतो."

मी खुर्ची पुढे ओढली.

"नक्की माहीत आहे का वेळ?"

"घड्याळ बघितलं नव्हतं कोणी."

"मग अडचण नाही. सकाळी अकरा धरू. स्वच्छ पत्रिका आहे."

अकरा. मला ते फार लांब वाटलं. मी म्हटलं, इतकं मागे नको, संध्याकाळच्या जवळपास बघा. ते म्हणाले, जवळपास नाही जमणार. मी म्हटलं, चार? त्यांनी टाकून बघितलं. चारला अष्टम, ते तर आणखी वाईट. साडेतीन? नको, हद्दीवर येतं, कोणी बारकाईने बघितलं तर शंका घेईल. तीन? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी भांडत राहिलो. ते लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाले, तुम्हीच बघा, मी काय मंगळ हातात धरून बसलोय?

कागद घेऊन घरी आलो. बहीण कामावरून आली होती. तिने हातपाय धुतले, कागद उघडला आणि वरच्या ओळीवर थांबली.

"मी दुपारची का?"

"अडीचची."

"आई दिवा लावत होती," ती म्हणाली.

मी म्हटलं, खूप ओढून बघितलं, अडीचच्या पुढे मंगळाने ऐकलं नाही. तिने मान डोलावली, कागद होता तसा घडीवर घडी घालून माझ्याकडे दिला, आणि उद्या सकाळीच पाठव म्हणाली.